चौकटीवरची शाल

डोळे मिटा बघू. एक लांबट खोली समोर आणा. भिंतीलगत खोलीभर पसरलेली लाकडी चौकट उभी आहे. तिच्या वरच्या आणि खालच्या दांडीवर वाकवलेले खिळे ओळीनं ठोकलेत. ओल्या लोकरीचा वास येतोय. आला? आता चौकटीसमोर स्टुलावर बसलेली मुलगी बघा. रडून रडून तिचं नाक लाल झालंय.

तिचे आजोबा लोकरीच्या कारखान्यात होते. धुतलेलं कापड ताणून वाळवणं हे त्यांचं काम. कारखाना बंद पडला तेव्हा ही एक चौकट त्यांनी घरी आणली. मुलीची आई दूर नोकरीला. जाताना तिनं स्वतः विणलेली शाल लेकीला दिली होती. आज संध्याकाळी आई येणार, म्हणून मुलीनं मोठ्या हौसेनं शाल कढत पाण्यात घातली आणि खसाखसा चोळली. शाल आटून टॉवेलाएवढी झाली.

"आजोबा लोकरवाले, आणि नातीला एवढं ठाऊक नाही!" आत्यानं कपाळावर हात मारला.

"तू माझा स्वेटर बाहुलीच्या मापाचा केला होतास, विसरलीस?" आजोबा म्हणाले. "आण गं बाळ ती शाल. ओली आहे तोवर काहीतरी करता येईल."

कड खिळ्यांत अडकवताना त्यांनी तिला बजावलं, "मधून सुरुवात. तू तिकडं, मी इकडं. एकीकडेच ओढलीस तर तिरकी होईल." बोलता बोलता ते जुन्या दिवसांत गेले. कारखान्यामागचं मैदान, चौकटींच्या रांगा, वाऱ्यानं फुगणारं कापड, त्याच्या सावलीत डबे उघडून बसलेले सोबती. "आता त्यातलं कुणी भेटत नाही," एवढंच म्हणाले आणि पुढच्या खिळ्याकडे वळले.

मग वाट बघणं आलं.

"आजोबा, वाळली?"

"नाही."

"आता?"

"अगं, आत्ताच विचारलंस ना!"

"काढून बघू?"

"ओली काढलीस तर पुन्हा आखडेल." आजोबांना हसू आलं. "इंग्रजीत तुला म्हणतील, ही 'ऑन टेंटरहुक्स' आहे."

"म्हणजे?"

"या खिळ्यांना इंग्लंडात टेंटरहुक म्हणत. तिथंही लोकरीचं कापड असंच ताणून वाळवत. मग वाट बघून ज्याचा जीव असा ताणला जातो, त्याच्याबद्दलही तसंच बोलू लागले. आपण नाही का म्हणत, जीव टांगणीला लागला?"

"म्हणजे मीपण शालीसारखी?"

"अगदी. फक्त शाल बडबडत नाही."

तेवढ्यात फाटक करकरलं. खांद्यावरची पिशवी न उतरवताच आई आत आली.

"अगंबाई, माझी शाल!" म्हणत तिनं हात पुढे केला.

मुलीनं तिचं मनगट धरलं. "थांब आई. मी ती कढत पाण्यात धुतली, म्हणून आटली. अजून ओली आहे."

आणि कोपऱ्यातलं दुसरं स्टूल ओढत आणून तिनं आपल्या स्टुलाला खेटून ठेवलं.