मूळव्याधच असेल

"डावीकडे वळ आणि गुडघे पोटाशी घे," मी ताईला सांगितलं आणि तिने मुकाट्याने ऐकलं. एरवी मी काही सांगितलं की दोन शब्द जास्तीचे ऐकवल्याशिवाय ती हलत नाही. आदल्या दुपारपासून जुलाबाचं औषध पिऊन पिऊन तिचा चेहरा एवढासा झाला होता. शिरेतून गुंगीचं औषध गेलं. डोळे मिटता मिटता ती म्हणाली, तू आहेस ना इथे, मग मला कसली काळजी.

मेलं, नेमकं तेच बोलायचं होतं का तिला.

एकवीस वर्षं मी या खोलीत नर्स आहे. माणसं इथे जीव मुठीत धरून येतात. कॅमेऱ्याची लांब नळी आत जाते, आतड्याच्या गुलाबी भिंती स्क्रीनवर दिसू लागतात, आणि बहुतेकांना शेवटी मूळव्याध आहे किंवा काहीच नाही असं सांगून घरी पाठवतात. कधी आतड्याला कोंब फुटल्यासारखा पॉलिप सापडतो. डॉक्टर तारेचा फास टाकून तो तिथल्या तिथे कापतात. दहा मिनिटांचं काम, पुढचं मोठं संकट टळतं. वर्षानुवर्षं हेच पाहून माझी भीतीच मेली होती.

मागच्या वर्षी ताई माझ्या स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, शौचाला रक्त पडतंय. मी भाजी चिरत होते, मान वरही केली नाही. मूळव्याधच असेल, पाणी पीत जा, म्हणाले. तुमच्याकडे तपासून घेऊ का, तिने विचारलं. मी चक्क हसले. म्हटलं, आमच्याकडे आधीच रांग लागलेली असते, उगाच राईचा पर्वत करू नकोस. यंदा रक्त वाढलं तेव्हा कुठे मी तिला इथे आणलं. परकं कोणी असतं तर मी तेव्हाच हाताला धरून आणलं असतं. सख्ख्या बहिणीला मी पाणी प्यायला सांगितलं.

आमचे डॉक्टर बोलके. नळी पुढे सरकवताना त्या दिवशीही मुलाच्या शाळेचं काहीबाही सांगत होते. डाव्या बाजूच्या वळणाशी आले आणि गप्प झाले. आतड्याची अर्धी वाट अडवून एक गाठ बसली होती. त्यांनी ती पाण्याने धुतली, मग निळसर उजेडाचं बटण दाबलं. त्या उजेडात साध्या पॉलिपवर एकसारखी नक्षी दिसते. हिच्यावर नक्षी कसली, नुसत्या वेड्यावाकड्या तुटक शिरा. मला ते शिकवलं कोणी नाही, पण नजरेला कळतं. मी फास घेऊन हात पुढे केला, आणि त्यांनी चिमटा मागितला. म्हणजे कापून टाकायची वेळ निघून गेली होती, आता फक्त तपासायला तुकडे घ्यायचे. तुकड्यांच्या बाटलीवर ताईचं नाव मीच लिहिलं. अक्षर इतकं वाकडं आलं की चिठ्ठी बदलावी लागली.

गुंगीतून उठताना माणसं बोलतात, हो ला हो करतात, आणि तासाभराने त्यांना त्यातलं काही आठवत नाही. म्हणून डॉक्टर निकाल लगेच सांगत नाहीत. मला हे पक्कं ठाऊक होतं, आणि तेवढ्यासाठीच मी पडदा ओढून तिच्या कानाशी वाकले. म्हटलं, ताई, तू विचारलंस तेव्हाच आणायला हवं होतं गं, चुकलं माझं. तिने हुंकार दिला आणि कूस बदलली. भित्री मेली मी. माफी मागितली तीही अशी, की ऐकणाऱ्याच्या लक्षात राहू नये.

तास-दीड तासाने डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं. बहुतेक कॅन्सर, पक्कं चार दिवसांनी कळेल, ऑपरेशन लागेल. ताई पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत ऐकत होती. रक्त कधीपासून पडतंय, त्यांनी विचारलं.

"झाले असतील दोन महिने," ताई म्हणाली. "हिला सांगितलं आणि हिने लगेच आणलं."

माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. एकवीस वर्षांची माझी अब्रू तिने एका वाक्यात झाकून टाकली होती. मी गप्प बसले असते तर चाललं असतं, कोणाला पत्ता लागला नसता.

"वर्ष झालं, डॉक्टर," मी म्हणाले. "तिने मला तेव्हाच सांगितलं होतं. मी मूळव्याध म्हणाले."

डॉक्टरांनी कागदावरचे दोन महिने खोडले आणि एक वर्ष लिहिलं. मग ऑपरेशनची चिठ्ठी लिहायला घेतली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

बाहेर ताई बाकावर बसली, मी समोर उभी राहिले, तशी ती कातावली. तुला अजून इथेच नोकरी करायची आहे, काय गरज होती तोंड उघडायची, म्हणाली. मी विचारलं, त्या दिवशी स्वयंपाकघरात मी काय म्हणाले होते ते तुझ्या लक्षात होतं?

"न राहायला काय झालं? सकाळी रक्त दिसायचं, जीव घाबरा व्हायचा. मग तुझं बोलणं आठवायचं आणि भीती जायची," ती म्हणाली. "वर्षभर मी सुखाने झोपले गं, तुझ्यामुळे."

मला रडूही येईना. आतून डॉक्टरांची हाक आली, पुढचा पेशंट खोळंबला होता. ताई बाकावर जरा सरकली. तिने केलेल्या जागेत मी बसले.