दहापैकी दोन

“माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि संस्कृतीचा जन्म झाला,” असं घड्याळजी म्हणाले, तेव्हा ते आडवे होते.

पलंगावर आडवे, उजव्या गुडघ्याखाली दोन उशा, आणि गुडघ्याशी त्यांची बायको. ती जमिनीवर गुडघे टेकून बसली होती आणि त्यांचा गुडघा चोळत होती. संस्कृतीबद्दल तिचंही काही म्हणणं असेल. पण तिचे हात तेलाने माखलेले होते, आणि तेलकट हातांनी मत मांडायची त्या घरात पद्धत नव्हती.

घड्याळदुरुस्तीचं दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून घड्याळजींकडे दुरुस्तीला एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे स्वतःचा उजवा गुडघा. घरात त्याला नुसतं ‘उजवा’ म्हणत. मुलगा दुकानात जाताना विचारायचा, “उजवा काय म्हणतो?” सून ऑफिसला निघताना विचारायची, “उजव्याला झोप लागली ना, बाबा?” उजव्याची स्वतंत्र उशी होती, शेकायची स्वतंत्र पिशवी होती. पाहुणे आले की आधी उजव्याची हकिगत, मग चहा.

बायकोला मात्र घरात दोनच नावं होती. नवरा ‘अगं’ म्हणे आणि बाकीचे ‘आई’. आपणही आईच म्हणू.

चोळून झालं. आईने एक हात पलंगाच्या कडेला लावला, दुसरा स्वतःच्या मांडीवर रोवला आणि ती उठली. उठताना ‘कर्रर्र-कट्’ असा आवाज झाला.

घड्याळजींनी कान टवकारले. हा कान सगळ्या बाजारात प्रसिद्ध होता. घड्याळ न उघडता, नुसतं कानाला लावून ते कुठलं चाक झिजलंय ते सांगायचे.

“दार कुरकुरतंय,” ते म्हणाले. “बिजागरीला तेल घालायला हवं.”

“घालते,” आई म्हणाली, आणि वाटीत उरलेलं तेल तिने बिजागरीला घातलं.

संशय हा घड्याळजींच्या धंद्याचा पाया होता. गिऱ्हाईक म्हणायचं, घड्याळ आपोआप बंद पडलं. घड्याळजी मनात म्हणायचे, आपटलंस. दुकान सुटलं, पण हत्यारांची पेटी जशी घरी आली तसा संशयही आला, आणि घरात त्याला काम कमी पडलं नाही. उदाहरणार्थ, आई जिना पाठमोरी उतरायची. दोन्ही हातांनी कठडा धरून, तोंड वर करून, एकेक पायरी.

“सगळं जग तोंड पुढे करून उतरतं,” घड्याळजी सुनेला हळूच म्हणाले. “ही वर बघत उतरते. म्हणजे वर कोणावर तरी लक्ष ठेवून आहे.”

“बाबा, वर फक्त गच्ची आहे.”

“मग गच्चीवर कोण असतं ते बघ.”

याच सुमारास गावातल्या रुग्णालयात गुडघ्यांवर संशोधन निघालं. झिजलेल्या सांध्यांचं दुखणं शिस्तीने करवून घेतलेल्या व्यायामाने किती कमी होतं, हे तिथल्या फिजिओथेरपी विभागाला पाहायचं होतं. उजव्याची कीर्ती अखेर विज्ञानाच्या कानावर जाणार म्हणून घड्याळजी खुशीत तिकडे गेले. बरोबर आई होती. तिच्या एका हातात एक्स-रेचं पाकीट, दुसऱ्या हातात काठी, आणि काखेत उजव्याची उशी.

तिथे कॅनव्हासचे बूट घातलेली एक तरतरीत बाई होती. पेशंट तिला फिजिओबाई म्हणत. तिने शून्य ते दहा आकडे असलेली एक पट्टी पुढे धरली. “काका, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही. दहा म्हणजे भयंकर. तुमचं किती?”

“अकरा.”

“पट्टी दहापर्यंतच आहे.”

“मग पट्टी आखूड आहे.”

फिजिओबाईने ते हसून ऐकून घेतलं आणि समजावलं, की मांडीचे स्नायू ढिले पडले की सगळा भार सांध्यावर येतो. म्हणून पडून राहायचं नाही, स्नायू कामाला लावायचे. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं. सुरुवातीला थोडं दुखेल, तेवढं चालतं.

“कोण उठणार?” घड्याळजींनी विचारलं.

“तुम्ही.”

घड्याळजींनी पट्टीकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. “ज्या औषधात रोग्यालाच राबावं लागतं ते औषध नव्हे, कट आहे,” असं म्हणून ते निघाले. आईही बाकावरून उठली. म्हणजे आधी उशी उचलली, मग दोन्ही हात मांड्यांवर दाबले, मग एक दीर्घ श्वास घेतला, आणि मग उठली.

“काकू,” फिजिओबाई म्हणाली, “तुमच्या गुडघ्यांचं किती?”

“माझं काय, वय झालं. दोन म्हणा.”

“चाराच्या खाली असेल तर मला तुम्हाला यात घेता येत नाही.”

“मग राहू द्या,” आई म्हणाली. एखाद्या दुकानदाराने माल संपला म्हणावं आणि आपण पुढे चालू पडावं, इतक्या सहजपणे.

फिजिओबाईने आधी पट्टीकडे संशयाने पाहिलं, मग आईकडे. अशा बऱ्याच बायका तिला हल्ली भेटत होत्या. पायरी चढता येत नाही, आणि म्हणायचं दोन. “मंगळवारी परत या,” ती म्हणाली. “मी पुन्हा विचारीन. तोवर घरी खुर्चीवरून उठबस करून बघा, झेपेल तेवढी.”

आता अडचण अशी, की घरात खुर्च्या होत्या पाच. एक घड्याळजींची, एक मुलाची, एक सुनेची, एक पाहुण्यांची आणि पाचवी वर्तमानपत्रांची. सगळ्या बाहेरच्या खोलीत. तुरुंगात जसं कोणाला झोपाळा टांगायचं सुचत नाही, तसं स्वयंपाकघरात खुर्ची ठेवायचं त्या घरात कोणाला कधी सुचलं नव्हतं. आईने वर्तमानपत्रं उचलून पलंगावर ठेवली आणि ती खुर्ची आत नेली. चौघांत एकटी तीच उभी असते, मग पाचवी खुर्ची वर्तमानपत्रांची कशी, असा प्रश्न तिला पडला की नाही, कोणास ठाऊक.

घड्याळजींना मात्र ताबडतोब पडला.

“खुर्ची आत कशाला गेली?” त्यांनी सुनेला विचारलं.

“आईंनी नेली. बसायला नेली असेल.”

“बसायला?” घड्याळजी चक्रावले. “लग्न झाल्यापासून मी तिला बसलेली बघितलेली नाही. आताच काय म्हणून बसेल?”

“तेही खरंच,” सून म्हणाली.

या संभाषणात काही वावगं आहे, असं दोघांनाही वाटलं नाही.

“दार लावून घेतात हल्ली,” सुनेने भर घातली. “आतून काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू येतं.”

“कोण येतं का?”

“कोण येणार, बाबा? मागच्या दाराशी डबे रचलेत.”

तरी घड्याळजींनी दुपारी स्वयंपाकघराच्या दाराला कान लावला. आधी खुर्ची करकरली. मग ‘कर्रर्र-कट्’. मग बारीक आवाजात “आई गं”. मग “एक”. पुन्हा खुर्ची, पुन्हा ‘कर्रर्र-कट्’, “दोन”. घड्याळजींचं डोकं गरगरलं. आत कोणीतरी बसतंय, उठतंय, आणि ही मोजतेय. शिवाय दार! बिजागरीला तेल घालून झालं होतं, आणि दार बंद होतं. बंद दार कुरकुरतं कसं?

मंगळवारी सकाळी आई दाराशी येऊन म्हणाली, “जरा जाऊन येते.”

“पिशवी?”

“पिशवी नकोय आज.”

ती गेली आणि घड्याळजी ताडकन उठून बसले. इतक्या वर्षांत ही बाई पिशवी न घेता घराबाहेर पडली नव्हती. पिशवी नाही म्हणजे आणायचं काही नाही. आणायचं काही नाही म्हणजे घरासाठी जात नाही. घरासाठी जात नाही, तर मग कशासाठी? ते चपला अडकवून मागोमाग निघाले. आई हळू चालत होती, म्हणून त्यांना पाठलाग सोपा गेला. रुग्णालयात आई लिफ्टमध्ये शिरली, तसे मधल्या जिन्याने ते जवळजवळ धावत चढले, आणि फिजिओथेरपी विभागाच्या हिरव्या पडद्याबाहेर बाकावर दबा धरून बसले.

पडद्याआड खुर्ची सरकली. आणि त्यांना तोच आवाज आला. कर्रर्र-कट्.

घड्याळजींनी इकडेतिकडे पाहिलं. इथे दार नव्हतं. पडदा होता, आणि पडद्याला बिजागरी नसते. बाजारातला तो प्रसिद्ध कान इतकी वर्षं एका माणसाला दार समजत होता.

“छान उठलात,” आत फिजिओबाई म्हणत होती. “आता सांगा. दहापैकी किती?”

“दोन.”

“काकू, जिना कसा उतरता?”

“पाठमोरी. सरळ उतरलं तर गुडघे धरत नाहीत.”

“रात्री झोप?”

“लागते की. कूस बदलली की मोडते, पण परत लागते.”

“आणि तरी दोन?”

“मग किती सांगू? तुम्हीच सांगा, मी तेवढं म्हणते.”

“तेच तर करता येत नाही,” फिजिओबाई म्हणाली. “मी आकडा तोंडात घातला तर सगळं संशोधन खोटं. तुम्हीच सांगायचा. पण एक विचारते. हे दोन तुम्ही काढले कुठून?”

मग आई हसली. हिशेब चुकलाय हे माहीत असूनही सांगावा, तसं.

“आमच्याकडे दहा यांचं असतं,” ती म्हणाली. “तुमच्यासमोर तर अकरा सांगितलं. मग माझ्या वाट्याला किती उरणार? दोन म्हटलं, तेही जास्तच झालं असेल.”

“काकू, दुखणं काही एका पातेल्यातलं नसतं, त्यांनी आधी घेतलं की तुम्हाला तळाचं. ही पट्टी तुमच्या एकटीची आहे. हिच्यावर घरातलं दुसरं कोणी बसलेलं नाही. हवा तेवढा वेळ घ्या.”

आईने वेळ घेतला. ही बाई वेळ घेते आहे, हेच घड्याळजी पहिल्यांदा ऐकत होते. आयुष्यभर इतरांचा वेळ दुरुस्त केलेला हा माणूस, पण एवढा लांब क्षण त्यांच्या हाताखालून कधी गेला नव्हता.

“आठ,” आई म्हणाली. आवाज ओशाळलेला होता, चोरी कबूल करावी तसा. मग तीच पुढे म्हणाली, “आणि यांचा गुडघा चोळताना नऊ.”

“चोळताना? म्हणजे गुडघे टेकून?”

“जमिनीवर. पलंग बुटका आहे ना.”

फिजिओबाई एवढंच म्हणाली, “ते मात्र सध्या बंद.”

शोकांतिका म्हटली की आपल्याला काहीतरी धाडकन कोसळायला हवं असतं. इथे काहीच कोसळलं नाही. रोज थोडं थोडं झिजत गेलं, आणि ज्यांच्या डोळ्यांदेखत झिजलं त्यांनी त्याला ‘वय’ असं नाव दिलं. नवऱ्याचं दुखतं तेव्हा तो आजार असतो आणि बायकोचं दुखतं तेव्हा ते वय असतं, हा नियम कोणत्याही धर्मग्रंथात नाही, कोणत्याही कायद्यात नाही. तरी तो जितका काटेकोर पाळला जातो तितके ग्रंथ आणि कायदे पाळले गेले असते, तर जगात कुलपं लागली नसती.

आई पडदा सारून बाहेर आली आणि समोर नवरा.

“तुम्ही? काठी कुठाय?”

“घाईत राहिली.”

आईने जिन्याकडे पाहिलं. मग उजव्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकाने ‘आपोआप बंद पडलं’ म्हटल्यावर घड्याळजी ज्या नजरेने घड्याळाकडे बघायचे, त्याच नजरेने.

“जिना चढून आलात?”

“हळू चढलो.”

“असं,” आई म्हणाली, आणि लिफ्टकडे वळली.

संध्याकाळी घड्याळजींनी पलंगावर पाय पसरला आणि उजव्याखाली उशा सारल्या. सकाळचं सगळं त्यांना आठवत होतं. पण पायाला नव्हतं आठवत. सवयीला कान नसतात. आई तेलाची वाटी घेऊन आली. पलंगाशी थांबली. खाली बसली नाही. वाटी तिने त्यांच्या हाताशी, उशाच्या स्टुलावर ठेवली.

“तुमचा हात पोचतो गुडघ्यापर्यंत,” ती म्हणाली. “चपला घालताना बघितलंय मी.”

“म्हणजे? तू नाही चोळणार?”

“नाही.”

दारात सून उभी होती. “आई, मी चोळू का?” ती म्हणाली.

“तू तर मुळीच नाही,” आई म्हणाली. “तुझे गुडघे अजून चांगले आहेत. तसेच राहू देत.”

त्या रात्री घड्याळजी बराच वेळ वाटीकडे बघत राहिले. मग त्यांनी गुडघा चोळला. स्वतःचा, स्वतःच्या हाताने. फारसं अवघड नव्हतं.

सकाळी मात्र ते वेगळेच माणूस होऊन उठले. स्वयंपाकघरात आले, तिथल्या खुर्चीवर बसले आणि चहा घेता घेता बोलू लागले. “अगं, मी रात्रभर विचार केला. हा प्रश्न तुझा एकटीचा नाही. घराघरांत हेच चाललंय. आपण पुरुषांनी बायकांच्या कष्टांवर संस्कृती उभी केली आणि वर म्हणालो, माणूस दोन पायांवर उभा राहिला. कोणाच्या पायांवर? हे बदललं पाहिजे. आजपासून या घरात तुझं दुखणं पहिलं. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगणार आहे. वेळ पडली तर सभा घेईन. लोकांना जागं करायचं म्हणजे कोणीतरी आधी...”

आई ओट्याला टेकून शांतपणे ऐकत होती. ते श्वास घ्यायला थांबले, तेव्हा ती म्हणाली, “ते सगळं करा. पण आधी जरा उठता का? मला खुर्ची हवी आहे.”