वयाचा लाल गोल

आईचा आवाज. चाळीस वर्षं झाली, तरी आत्याबाईंच्या कानात तस्साच. येणारी सून गणिताची मास्तरीण आहे हे कळल्यावर आईने भांडी घासता घासता ओवी जुळवली होती:

"सून येते गं हिशेबी, मोजी मिठाचाही खडा,
हिच्यापुढं कसा चालावा आपल्या थापांचा गं गाडा?"

थाप तशी एकच. मुलाचं लग्न जमेना, म्हणून आईने त्याच्या वयातली पाच वर्षं कापली. मग धाकटी बहीण थोरली दिसू नये म्हणून आत्याबाईंचीही. पुढे कागदपत्रंही त्याच मापाने शिवली गेली. आत्याबाई शिवणकाम करीत. एकदा कापलेलं पुन्हा जोडलं की शिवण दिसतेच, हे त्यांना ठाऊक होतं.

आता भाऊ अतिदक्षता विभागात होता. हृदय इतकं दमलेलं, की मांडीच्या धमनीतून आत सोडलेला पेन्सिलीएवढा पंप त्याच्या वतीने रक्त ढकलत होता.

डॉक्टरीणबाई रोज सकाळी आकडे सांगत आणि वहिनी, तीच हिशेबी सून, ते वहीत उतरवून घेई. रक्तातलं लॅक्टेट नवावरून पाचावर आलं, तेव्हा ती कडाडलीच. "एका दिवसात चार मार्क गेले? तुम्ही करता काय?"

"काकू, हे मार्क जितके कमी तितकं चांगलं."

लघवी ताशी साठ मिली झाल्याची खुशखबर वहिनीने बाहेरच्या बाकावर बसलेल्या अनोळखी माणसालाही दिली.

"आणि वय सहासष्ट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सत्तरीच्या आतले लोक यातून जरा जास्त वाचतात. अर्थात, हा अंदाज आहे, भविष्य नव्हे."

वहिनीने वयाभोवती लाल गोल काढला. "ऐकलंत ना वन्सं? वयानेच तारलं यांना!"

आत्याबाईंनी नुसती मान हलवली. बोलावं, तर वहिनीच्या आशेवर पाणी पडायचं. न बोलावं, तर तो लाल गोल डोळे वटारून बघायचा.

पाचव्या दिवशी लॅक्टेट दीडवर आलं. पंप काढायचं ठरलं. त्याआधी भावाची शुद्ध तपासायची होती.

"काका, वय किती तुमचं?"

गुंगी पुरती उतरली नव्हती. थाप मारायला लागणारी हुशारी अजून परतली नव्हती.

"एकाहत्तर."

"पुन्हा सांगा बरं?"

"एकाहत्तर! ऐकू कमी येतं का?"

"अहो, नीट आठवा ना, सहासष्ट!" वहिनी रडकुंडीला आली.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "मेंदूत गुठळी गेली असेल. पंप राहू द्या. आधी स्कॅन. पंपासकट हलवणं धोक्याचं आहे, पण इलाज नाही."

दोघे जण पलंगाची चाकं सोडवू लागले. वहिनीच्या हातातली वही गळून पडली.

आत्याबाई पलंगापुढे आडव्या आल्या. "थांबा! डोकं ठणठणीत आहे त्याचं. एकाहत्तरच आहे तो! आईने पाच वर्षं कापली होती."

चाकं सोडवणारे दोघे थांबले.

"मग शुद्ध उत्तम आहे," डॉक्टरीणबाईंनी श्वास सोडला. "वय वाढलं, पण बाकी सगळे आकडे खरे आहेत. पंप काढायची तयारी करा."

वहिनीने डोळे पुसले. मग तिची बोटं आपोआप हलू लागली.

"वन्सं, यांची पाच... म्हणजे तुमची?"

आत्याबाईंनी पदर सावरला. सगळा विभाग ऐकत होता.

"एकोणसत्तर," त्या म्हणाल्या. "पूर्ण. सत्तरावं लागलंय."