समोरच्याचं ऐकणं

शामलाबाईंनी पदर सावरला, घसा खाकरला आणि पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं.

"माय डॉटर-इन-लॉ ऑल्वेज गिव्ह्ज इन."

सक्करदऱ्यातल्या त्या इंग्रजीच्या वर्गात सगळ्या बायकाच. दोघीतिघींनी ओठ दाबले. शामलाबाईंना वाटलं, उच्चार चुकला असेल. त्यांना न्यायला आलेली सून, मिनल, मागच्या बाकावर बसली होती. तिच्यादेखत तिचं कौतुक करायला मिळालं म्हणून बाई नुसत्या फुलून गेल्या होत्या. 'गिव्ह इन'चा अर्थही त्यांनी काल तिलाच विचारला होता. पोळी लाटता लाटता ती म्हणाली होती, समोरच्याचं ऐकणं.

शरच्चंद्र सर भिडस्त माणूस. वाक्य बरोबर आहे म्हणाले, पण पटलं म्हणून ऐकणं वेगळं, हेही सांगून गेले.

"गिव्ह इन म्हणजे मनात नसताना, थकून हो म्हणणं. लेकरू हट्टानं जेवत नाही, मग आपण त्याले मोबाइल देतो ना, तसं."

वर्ग हसला. शामलाबाई हसायला गेल्या, पण तोंड वाकडंच झालं. खापा गावच्या शाळेत मिनलला नोकरी लागत होती, तेव्हा त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या. शेवटी मिनल म्हणाली, राहू द्या, नाही जात. आणि सून किती समजूतदार, हे बाईंनी गल्लीभर सांगितलं होतं. आता त्यांना लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्ग सुटेपर्यंत मागे वळून बघायची त्यांची छाती झाली नाही.

बाहेर मिनल स्कूटी काढत होती.

"खाप्याच्या शाळेले फोन लाव," बाई म्हणाल्या. "येतो म्हणून सांग."

"त्यायनं दुसरी बाई ठेवली, आई. ती येऊन बी राहिली."

"मग मले काहून नाही सांगितलं वं?"

मिनल हेल्मेटचा पट्टा लावत राहिली.

"तुले वाईट वाटलं का?"

काही नाही हो आई, असं ती म्हणेल आणि आपण सुटू, अशी बाईंना आशा होती.

"हो," मिनल म्हणाली. "लय वाईट वाटलं."

शामलाबाई मागे बसल्या. एरवी त्या सुनेचा खांदा धरून बसत. आज त्यांनी सीटमागची दांडी धरली.