ऋण गुणिले ऋण

"जगात न सुटणारं उदाहरण नसतं, माणूस ते मांडायला चुकतो," असं मास्तरांनी जाहीर केलं. त्या वेळी ते रेडिओच्या पाठीवरचं सेलचं झाकण उलट्या दिशेने सरकवत होते.

चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला झाकणाने असं खेळवावं, आणि तेही भरल्या खोलीत. झालं होतं असं, की मास्तरीणबाई अकरा वर्षं रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमाला पत्रं धाडत होत्या आणि त्यातलं एक अखेर आज पाच वाजता वाचलं जाणार होतं. नेमकी दुपारीच वीज गेली. जिन्यातल्या चार घरांत सेलवर चालणारा रेडिओ हा एकच, म्हणून शेजारणी सतरंजीवर येऊन बसल्या होत्या. पत्रात काय आहे, ते बाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं. मास्तरांनी खोदून विचारलं तेव्हा "घरातल्याच एका गोष्टीबद्दल आहे," एवढंच म्हणाल्या. ती गोष्ट आपणच, या कल्पनेने मास्तरांना सकाळपासून गुदगुल्या होत होत्या.

झाकण निघालं. मास्तरांनी दोन कोरे सेल बसवले, दोन्ही उलटे. रेडिओ ढिम्म. बाईंचे धाकटे भाऊ टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी वाकून पाहिलं आणि दोन्ही सेल उलटे का, असं विचारलं. मास्तरांनी सातवीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं, की ऋण गुणिले ऋण बरोबर धन.

"दाजी, सेलांचा गुणाकार नाही होत," मेहुणे म्हणाले. "बेरीज होते."

मास्तरांनी सेल सुलटे केले. तरी रेडिओ मुकाच. तेच सेल टॉर्चमध्ये घातले, तर टॉर्च लख्ख लागला. मेहुण्यांनी स्प्रिंगा पॉलिशपेपरने घासल्या. एका शेजारणीने थापट मारायला सुचवलं, दुसरीने कुठे मारायची ते दाखवलं. पाचाला चार मिनिटं उरली.

"अहो, ही वायर अजून का खोचलेली आहे?" बाईंनी विचारलं.

रेडिओची वायर भिंतीतल्या प्लगपर्यंत गेलेली होती. मास्तर समजुतीने म्हणाले की वीजच नाही, म्हणजे वायर शून्य, आणि शून्य मिळवल्याने उत्तर बदलत नाही. बाईंनी रेडिओच्या बाजूने वायर उपटली.

रेडिओ असा कडाडला, की दोन शेजारणी दचकून मागे सरकल्या. मेहुण्यांनी खुलासा केला: वायर खोचलेली असेपर्यंत रेडिओ सेलकडे ढुंकूनही बघत नाही. साहेब रजेवर गेले तरी खुर्ची त्यांचीच, तसं.

"'माझे यजमान निवृत्त झाल्यापासून,'" पाचाच्या ठोक्याला निवेदिका मधाळ आवाजात वाचू लागली, "'घरातली एकही वस्तू धड राहिलेली नाही. इस्त्री, मिक्सर, दाराची घंटा. उघडण्याआधी ते नियम सांगतात. उघडल्यावर दोन स्क्रू उरतात, ते कपबशीत ठेवतात. आता कपबश्याही उरल्या नाहीत. काही उपाय असेल तर कळवावा.'"

सतरंजीवर कुणीही हसलं नाही. सगळ्या जणी फक्त थोड्या पुढे सरकल्या. उपाय आहे आणि तो अगदी सोपा आहे, असं निवेदिका म्हणाली, तसे मास्तर बाईंच्या कानाशी लागले.

"अगं, आवाज जरा बारीक करतेस का?"