भागिरथीने उचललेली भिशी

भिंगारच्या क्वार्टरमध्ये भागिरथी आणि प्रज्ञा या दोघी जावा भिंतीला भिंत लावून राहत होत्या. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, नोकरीला एकाच लष्करी डेपोत, पगारही जवळजवळ सारखाच. त्यामुळे धाकटीच्या घरात एखादी वस्तू आली, की ती आपल्या घरात का नाही, याला भागिरथीकडे उत्तर नसायचं. मग ती नुसती जळायची.

दोन वर्षांपूर्वी प्रज्ञाने पैशाच्या नियोजनावरचं एक पुस्तक आणलं, तेव्हा भागिरथी खूप हसली होती. "पुस्तक वाचून कुनी श्रीमंत झालंय व्हय?" असं ती नळावर चारजणींना ऐकवायची. पण प्रज्ञा हट्टाची निघाली. पगार झाला की आधी शिल्लक बाजूला, मग किराणा. हप्त्यावर मिक्सर नाही, की सेल लागला म्हणून साडी नाही. तिच्या नवऱ्याने, जालिंदरने, थोडे दिवस कुरकुर केली. मग तोही टपरीवरचा वडा सोडून डबा नेऊ लागला. बघता बघता दारात स्कूटर आली, तीही रोखीने. आता तर शिवणकामासाठी बाजारात गाळा घ्यायचं चाललं होतं. भागिरथीच्या पोटात दुखायला लागलं ते थांबेचना. त्यात तिचा नवरा भीमराज एकदा जेवता जेवता म्हणाला, "प्रज्ञाकडून शिक की जरा." तिने अर्धं ताट तसंच बाजूला सारलं.

रतनबाईंच्या ओसरीवर बारा बायकांची भिशी चालायची, त्यात या दोघी जावाही होत्या. दर महिन्याला प्रत्येकीचे पाच हजार, असे साठ हजार जमायचे. जिला नड असेल तिने त्यातले किती सोडणार ते चिठ्ठीवर लिहायचं, बाकीच्यांनी चिठ्ठी कोरी टाकायची. सगळ्यांत जास्त सोडेल तिला भिशी, आणि तिने सोडलेले पैसे बाकीच्या अकराजणी वाटून घेणार. एकदा उचलली की पुन्हा नाव नाही, हप्ते मात्र शेवटपर्यंत. जी थांबेल तिला शेवटच्या महिन्यात पूर्ण साठ हजार. ती शेवटची भिशी भागिरथीने पहिल्या दिवशीच मागून ठेवली होती. थोरल्या लेकीची नर्सिंगची साठ हजार फी तिला त्यातून भरायची होती.

पण या खेपेला नळावर कुणीतरी पुडी सोडली, की गाळ्याच्या डिपॉझिटसाठी प्रज्ञा भिशी उचलणार आहे. झालं. भागिरथीला लेक आठवेना की फी आठवेना. 'उचलते कशी तेच बघते,' एवढंच डोक्यात बसलं. रविवारी ओसरीवर तिने चिठ्ठीवर आधी दहा हजार लिहिले. समोर प्रज्ञा शांतपणे बसलेली दिसली, तशी तिने ते खोडून पंधरा केले.

रतनबाईंनी चिठ्ठ्या उघडल्या. "रंगुबाई, तीन हजार. भागिरथी..." त्या थांबल्या. "पंधरा? अगं, बरोबर लिवलंय ना?"

"बरोबर हाय," भागिरथी म्हणाली आणि प्रज्ञाकडे बघू लागली.

रतनबाईंनी प्रज्ञाची चिठ्ठी उघडली. ती कोरी होती.

"तुला गाळ्याला पायजे हुते ना?" कुणीतरी विचारलं.

"ते डिपॉझिट मागल्याच महिन्यात भरलं की," प्रज्ञा म्हणाली. "त्याचे पैसे येगळे ठेवले हुते."

पंधरा हजारांची वाटणी झाली. प्रत्येकीच्या हातात तेराशे-चौदाशे आले, प्रज्ञाच्याही. भागिरथीच्या ओच्यात पंचेचाळीस हजार पडले आणि त्यांचं काय करायचं हे तिला कळेना. बायका तिच्याकडे कणवेने बघत होत्या. एवढं सोडून उचलली म्हणजे घरात काहीतरी मोठंच असणार, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं.

प्रज्ञा उठून तिच्याजवळ आली. तिने आपल्या वाटणीचे पैसे भागिरथीच्या हातावर ठेवले. "अक्का, एवढी नड हुती तर मला का न्हाई सांगितलं? भाऊंची तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय," भागिरथी कशीबशी म्हणाली.

"मग फीचा घोर करू नका. शेवटची भिशी आता मी घेते, त्यातून भरू आपन. जमंल तसे द्या तुमी."

त्या घडीला भागिरथीला प्रज्ञाचा जितका राग आला, तितका स्कूटर आली तेव्हाही आला नव्हता. ते पैसे तिच्या तोंडावर फेकावेसे वाटले. पण फेकले तर पंधरा हजार कशापायी लिहिले ते सांगावं लागणार होतं, आणि लेकीच्या फीला आता कमी पडणारे पंधरा हजार द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

तिने मूठ मिटली. "लई उपकार झाले गं," ती म्हणाली, आणि हे सगळ्या बायकांनी ऐकलं.