मंगळवारची मेलेली जेली

“मॅडम, मेलेली जेली थरथरतेय,” विद्यार्थिनी म्हणाली.

मॅडमनी प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं. सपाट रेघ यायला हवी होती, तिथे दर दोन मिनिटांनी बारीक थरथर उमटत होती. थेट जिवंत पेशींसारखी.

जिवंत पेशी आतून थरथरतात, निर्जीव जेली थरथरत नाही, हे मॅडमनी अठरा वर्षांपूर्वी मोजून दाखवलं होतं. त्यावर चौदा शोधनिबंध, एक बढती आणि ‘जेलीबाई’ हे टोपणनाव, एवढी कमाई. सासूबाई शेवटपर्यंत समजत होत्या की सून मुरंबे करते आणि चव दाखवत नाही. उद्या याच थरथरीसाठी मॅडमचा सत्कार होता.

जेली आज का लावली, असं त्यांनी विचारलं. विद्यार्थिनी चाचरली. रविवारी तिला घर बदलायचं होतं, म्हणून रविवारचं काम तिने आज, मंगळवारवर ढकललं होतं.

जिवंत पेशी मोजणीसाठी थांबत नाहीत, म्हणून त्यांचा मान कामाच्या दिवशी. मेलेल्या जेलीला कसली घाई? ती अठरा वर्षं रविवारीच. आणि रविवारी भिंतीपलीकडची लिफ्ट बंद असते.

त्यांनी लिफ्टवाल्याला फोन करून अर्धा तास लिफ्ट थांबवायला सांगितली. आत संचालक आहेत, असं तो म्हणाला. असू देत, फक्त हातपाय आपटू नका म्हणावं, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

जेली काढून त्यांनी जिवंत पेशी लावल्या. दोघी पडद्यासमोर बसल्या. पाच मिनिटं. दहा. वीस. रेघ सपाट.

“थोडं थांबू या ना. कधी कधी उशिरा...”

“नाही गं. झालं.”

विद्यार्थिनी हळूच म्हणाली, “उद्याचं होऊन जाऊ दे, मॅडम. मी कुणाला सांगणार नाही.”

“म्हणूनच मला सांगावं लागणार.”

चौदाही निबंध मागे घेत असल्याचं पत्र चार ओळींत संपलं. खाली आपलंही नाव घालायचा हट्ट विद्यार्थिनीने धरला. तू तेव्हा बालवाडीत होतीस, असं म्हणून मॅडमनी पत्र पाठवून दिलं.

पेशींचं खाद्य बदलायची वेळ झाली होती. मॅडमनी हातमोजे चढवले आणि त्या एकेक बशी, जराही हिंदकळू न देता, बाहेर काढायला लागल्या.